मागचा दांडा, पुढचा दांडा

"गाडी माही, कान माहा, अन् जबाबदारीबी माहीच! बुवाले असा आनतो, असा आनतो, का त्यायच्या हातातल्या गडव्यातलं पानी हालनार नाई!"

कोसमटोल्याच्या मारुतीच्या पारावर उभं राहून मुखरूने आपला उजवा कान दोन बोटांत धरला आणि सगळ्या गावादेखत ही प्रतिज्ञा केली. कान धरायचं कारण असं, की मुखरूचा त्या कानावर भारी विश्वास होता. बांबूच्या ठेकेदाराची जीप चालवणारा तो डिरायव्हर, आणि भजनी मंडळात झांज वाजवणारा भक्त. मृदंगाची वादी सैल झाली काय आणि गाडीचा नट सैल झाला काय, आपल्याला दोन्ही सारखंच ऐकू येतं, असं तो सांगायचा. गावात दुसरी गाडीच नव्हती. खोडून काढणार कोण!

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा आपला जिल्हा चांदा होता आणि गडचिरोली त्यातली एक तहसील होती. लढाई संपल्यावर लिलावात निघालेल्या जीपा तेव्हा नुकत्याच जंगलात आल्या होत्या. अंगावरचा फौजी हिरवा रंग अजून उडाला नव्हता. चैतात मोहफुलं गळायला लागली की त्यांचा वास आणि जीपेच्या पेट्रोलचा वास एकमेकांत मिसळून त्या वाटांना एक अजब सुगंध यायचा. आता सडका गुळगुळीत झाल्या आणि तो वास मात्र कुठे गेला, देव जाणे!

तर, कोसमटोल्यात दर चैतात सप्ताह बसायचा. विणा सात दिवस जमिनीला टेकायचा नाही, या खांद्यावरून त्या खांद्यावर जायचा. सगळं यथासांग. उणीव एकच. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन करायला खरा कीर्तनकार कधी मिळालाच नव्हता. वाटच तशी! मग भजनी मंडळाचे म्हातारे प्रमुख बापूजी पोथी वाचायचे. ते वाचायला लागले की आधी पोरं झोपायची, मग बाया, मग गडीमाणसं, आणि अध्याय संपायच्या आत खुद्द बापूजी.

मुखरूला हे फार लागायचं. कीर्तन म्हणजे त्याचा जीव! कुठे कीर्तन आहे म्हटलं की तो पायी जंगल तुडवत जायचा, पहिल्या ओळीत बसायचा, आणि बुवांनी पहिली तान घेतली की त्याच्या डोळ्यांतून नाला वाहायचा. गेल्या दसऱ्याला, गाडीची पूजा करताना, त्याने नवस बोलला होता : "मारुतीराया, उकंडबुवाचा पाय आपल्या गावाले लागू दे. लागला का त्याच घडीले तुह्यापुढे नारळ फोडतो!" आणि नवसाचा तो नारळ त्याने लाल फडक्यात गुंडाळून, खाली भाताचं तनस अंथरून, जीपेच्या मागच्या डाव्या खणात ठेवला होता. जीपेला मागे दोन खण असतात, चाकांच्या वर, पाने-पकडी ठेवायला. उजव्यात पाने. डाव्यात देव! कुलूप लावलं, किल्ली गळ्यातल्या तुळशीमाळेत ओवली, आणि रोज सकाळी त्या खणाला हात जोडल्याशिवाय त्याने कधी गाडी काढली नाही.

आणि मारुतीने ऐकलं! उकंडबुवा यायला तयार झाले.

पण बुवांची एक अट होती. वर्षामागे कुठल्याशा मोटारीचा मागचा आक्सल मोडला होता आणि बुवा विण्यासकट तुरीच्या शेतात जाऊन पडले होते. तेव्हापासून बुवा सांगत, "जी गाडी बोलते, तिच्यात मी बसत नसतो. बोलायचं काम माझं. गाडीनं गप राहावं."

आणि मुखरूची गाडी बोलत होती!

संक्रांतीपासून. क्लच सोडून गाडी निघाली, की ठक्क! ब्रेक दाबून गाडी थांबली, की ठक्क! पोटातून यावा तसा, भरीव, गंभीर आवाज. मुखरूने कान लावला. खड्ड्यात वाजत नाही, म्हणजे स्प्रिंगचा पाटा नाही. वळणावर वाजत नाही, म्हणजे चाक नाही. सुटताना अन् थांबताना वाजते, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या दांड्याचा क्रॉस गेला! त्याने चांद्याहून नवा क्रॉस आणून बसवला. ठक्क. पाट्याचे बोल्ट आवळले. ठक्क. सगळीकडे ग्रीस चोपडलं, इतकं की गावातली कुत्री जीप चाटायला यायला लागली. तरी ठक्क!

"लगन झाल्यापासून माह्या बोलन्याले इतका कान नाई लावला कवा," त्याची बायको गोकुळा म्हणायची. जीपेखालून त्याचे दोन पाय तेवढे दिसायचे. ती त्या पायांशीच बोलायची.

"तू सुटताना अन् थांबतानाच बोलतेस का? तुहं तं चालूच राह्यते!" पाय उत्तर द्यायचे.

तर अशी ही गाडी घेऊन, काल्याच्या दिवशी, पहाटेच मुखरू आणि बापूजी सिंदेवाहीच्या ठेसनावर हजर झाले. छोटी गाडी आली. उकंडबुवा उतरले. पांढरा फेटा, कपाळी बुक्का, काखेत विणा, देह चांगला ऐसपैस. मागून त्यांचा मृदंगी वारलू, काडीसारखा, मृदंगाहून बारीक.

बुवांनी जीपेभोवती एक प्रदक्षिणा घातली. बॉनेटवर काठीने टकटक केलं.

"बोलते का?"

"मुकी हाये महाराज!" मुखरू म्हणाला, आणि मनात मारुतीची माफी मागितली.

बुवा पुढे बसले. बापूजी आणि वारलू मागे. मुखरूने क्लच असा सोडला, जणू झोपलेलं लेकरू मांडीवरून खाली ठेवतो आहे. गाडी निघाली. आवाज नाही!

आता ही गाडी थांबवायचीच नाही, हे मुखरूने मनाशी ठरवलं. थांबलो तर वाजेल. मग काय विचारता! शेळ्या आल्या, मुखरू थांबला नाही, शेळ्या उडाल्या. मोहफुलं वेचायला निघालेल्या बाया टोपल्या सोडून पळाल्या. वाऱ्याने बापूजींची टोपी उडाली.

"मुखरू, टोपी! माही टोपी गेली!"

"देवाच्या कामात टोपीचं काय घेऊन बसले, बापूजी!"

बुवा एकदम खूश. "वा! गाडी कशी, एकादशीच्या मौनात असल्यासारखी!"

आणि तेवढ्यात वळणावर वाघ आला.

चांगला भरलेला पट्टेदार वाघ, सकाळचा फेरफटका आटोपून घरी निघाल्यासारखा, वाटेच्या मधोमध उभा. शेळ्यांवर गाडी घालणारा मुखरू वाघावर घालणार नव्हता. त्याने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला.

ठक्क!

वाघाने एकदा सगळ्यांकडे पाहिलं, जांभई दिली, आणि बांबूच्या बेटात निघून गेला. मागे बापूजी डोळे मिटून रामनाम घेत होते. वारलू मृदंगाच्या मागे लपला होता, आणि जवळजवळ पूर्ण झाकला गेला होता. बुवा मात्र ताठ बसले होते. चेहरा पांढराफटक.

"महाराज, भिऊ नोका. गेला वाघ," मुखरू म्हणाला.

"वाघाचं राहू दे! तो आवाज कायचा?"

"कोनता आवाज?"

"ठक्क झालं! आक्सल मोडला त्या दिवशी असंच झालं होतं. मी उतरतो!"

"इथी उतरता? आत्ताच वाघ गेला न!"

बुवांनी एक पाय बाहेर काढला, बेटाकडे पाहिलं, पाय आत घेतला. "पुढं मोकळी जागा दिसली की उतरतो."

मोकळी जागा म्हणजे नाला. चैतातला कोरडा, पांढऱ्या रेतीचा. नाल्यात येऊन मुखरूने गाडी थांबवली (ठक्क!) आणि बुवा उतरून ऐनाच्या झाडाच्या सावलीत एका दगडावर जाऊन बसले. "हा आवाज जाईस्तोवर मी या दगडावरून उठणार नाही."

आता आली का पंचाईत! कोसमटोल्यात दहीहंडी टांगून झाली असेल. चार गावचे लोक जमले असतील. दिवस डोक्यावर यायच्या आत काल्याचं कीर्तन उभं राहायला हवं, नाहीतर सात दिवसांचा सप्ताह काल्याविना संपायचा. आणि पारावर कान धरून प्रतिज्ञा केली होती ती कोणी? मुखरूने!

"आवाज इकडून आला," मागून वारलू म्हणाला. "माह्या मांडीपाशी वाजला. हा डावा खण हाये न, त्याच्या..."

"ए!" मुखरू ओरडला. "त्या खनाले बोट नोको लावू! तिथी देव हाये!"

"देव हाये?" वारलूने मांडी आखडून घेतली आणि खणाला हात जोडले.

"मंग! तू मृदंग पाहा, गाडीचं मी पाह्यतो. सुटताना वाजते, थांबताना वाजते, म्हंजे दांडाच! नवा क्रॉसच खराब निघाला असन." आणि मुखरू पाना घेऊन गाडीखाली शिरला.

या जीपेला दोन दांडे. एक मागची चाकं फिरवतो, एक पुढची. मागचा काढला तरी पुढच्या चाकांवर गाडी ओढत नेता येते. फौजेची अक्कल! मुखरूने मागचा दांडा सोडवला, बापूजींच्या मांडीवर आणून ठेवला, गिअर टाकला, क्लच सोडला. पुढच्या चाकांनी रेती उकरत गाडी निघाली.

ठक्क!

"नाई न गेला," दगडावरून बुवा म्हणाले.

"मंग पुढच्या दांड्यात असन!" मुखरू पुन्हा गाडीखाली. आता त्याच्या अंगात दम आला होता. एक दांडा निर्दोष ठरला, म्हणजे चोर दुसरा! घामाने आणि ग्रीसने काळाकुट्ट होऊन तो बाहेर आला आणि पुढचाही दांडा बापूजींच्या मांडीवर ठेवला. मग सीटवर बसला, इंजिन सुरू केलं, क्लच सोडला, कान टवकारला.

शांत! ठक्क नाही, ठुक्क नाही.

पुन्हा क्लच दाबला, पुन्हा सोडला. शांत!

"गेला!" मुखरू सीटवर उभाच राहिला. "महाराज, गेला आवाज! मी म्हनलो नोतो? कान हाये हा, कान! पुढच्या दांड्यातच होता सैतान!"

बुवा दगडावरून उठले. हळूहळू चालत जीपेपाशी आले. कौतुकाने म्हणाले, "शाबास. आवाज गेला खरा. पण मुखरू, गाडी काऊन जाऊन नाई राह्यली?"

मुखरूने खाली पाहिलं. इंजिन गरजत होतं. चाकं जागच्या जागी, समाधी लागल्यासारखी. त्याने बापूजींच्या मांडीकडे पाहिलं. मागचा दांडा, पुढचा दांडा. बापूजी दोन जुळी नातवंडं घेऊन बसावं तसे दोन्ही धरून बसले होते.

"बसवतो परत," मुखरू हळू आवाजात म्हणाला.

पण दांडे उचलताना दोन्हींच्या क्रॉसची एकेक टोपी निसटली. त्या टोप्यांच्या आत बारीक बारीक लोखंडी सुया असतात, त्यांच्यावरच क्रॉस फिरतो. त्या सगळ्या रेतीत! मग काय, मुखरू गुडघ्यावर, बापूजी गुडघ्यावर, वारलू गुडघ्यावर, आणि शेवटी खुद्द उकंडबुवा फेटा सावरत गुडघ्यावर. चौघंही रेती चिवडताहेत. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, नाल्यात देवाची मूर्ती सापडली आणि सगळे दंडवत घालताहेत!

तसं वाटलंही. मंगरूला. तो मोहफुलांची बंडी घेऊन काल्यालाच निघाला होता. बंडी थांबवून त्याने आधी नमस्कार केला आणि मग विचारलं, "कोनता देव निंघाला गा?"

"देव नाई, सुया पाह्यतो," बापूजी म्हणाले.

"एवढे गडीमानसं अन् सुया? शिवायचं काय हाये?"

सांगत बसायला वेळ नव्हता. निम्म्या सुयाही सापडल्या नव्हत्या. दिवस वर चढत होता. बंडीत बसलं की बुवांची कंबर धरायची, पायी वाट फार. शेवटी मंगरूनेच आपले लाख्या अन् मुंग्या हे दोन बैल बंडीपासून सोडले आणि दोराने जीपेला जुंपले. बुवा पुढच्या सीटवर चढले. इंजिन नाही, धूर नाही, खाली स्प्रिंगची गादी. बुवांचा चेहरा खुलला.

"हे बरं आहे! आता काय बोलणार गाडी! चल रे मंगरू!"

"हाल रे लाख्या!" बैलांनी हिसका दिला. जीप निघाली.

ठक्क!

बैलांची घुंगरं वाजत राहिली. मग बुवांनी हळूच मान वळवून खाली चालणाऱ्या मुखरूकडे पाहिलं.

"मुखरू, आता कोणता दांडा काढतोस?"

मुखरूला रडूच यायचं बाकी होतं. दांडे नाहीत, इंजिन बंद, आणि आवाज आहे! माणसाचा कान हरला की देवच उरतो. चालता चालता त्याने डाव्या खणाच्या झाकणावर हात ठेवला, डोळे मिटले आणि मनात म्हणाला, 'मारुतीराया, कुठी हाये हा आवाज? तूच सांग!'

बैल थबकले. आणि नेमकी त्याच्या तळहाताखालून कोणी तरी आतून दस्तक दिली.

ठक्क!

मुखरूचे डोळे उघडले. तोंडही उघडलं. मारुतीने सांगितलं होतं, आणि इतकं स्पष्ट, की मुखरूच्या अंगाला दरदरून घाम फुटला.

आता काय करावं? खण उघडून नारळ काढावा, तर नवस फिटल्याशिवाय तो काढता येत नाही. आणि खरं सांगावं, तर दोन दांडे बापूजींच्या मांडीवर होते! मुखरूने तिसरा मार्ग धरला. मागून आपली झांज काढली आणि मोठ्याने 'विठ्ठल विठ्ठल' सुरू केलं. बैलांनी हिसका दिला, की झणण! बैल थांबले, की झणण! नारळ एकदा वाजला, की मुखरू दहादा वाजवायचा. बुवांना गहिवरून आलं. "एवढं संकट, आणि याच्या मुखात नाम! काय भक्ती!" त्यांनी विणा छेडला. वारलूने मृदंग मांडीवर घेतला. बापूजींच्या दोन्ही मांड्या दांड्यांनी अडल्या होत्या, म्हणून त्यांनी पान्याने दांड्यावरच ठेका धरला. असं ते चालतं-बोलतं भजन, बैलांनी ओढलेल्या जीपेतून, कोसमटोल्याच्या शिवेत शिरलं. साऱ्या गावाने टाळ्या पिटल्या. बुवांची अशी मिरवणूक मुखरूने मुद्दाम काढली, असंच सगळ्यांना वाटलं!

एकटी गोकुळा वेशीवर कपाळाला आठ्या घालून उभी होती. "मले नाल्याच्या चढावरूनच ठक्क आयकू आला," ती म्हणाली. "पन गुरगुर नोती. मनात म्हनलं, गाडी मेली अन् भूत येऊन राह्यलं का काय!"

"चूप!" मुखरू पुटपुटला.

बुवांचा पाय भुईला लागला, आणि बापूजी खणखणीत आवाजात म्हणाले, "मुखरू, नवस फेड! त्याच घडीले म्हनलं होतंस!"

"कीर्तन झाल्यावर फेडतो न, बापूजी..."

"त्याच घडीले!"

गाव गोळा झालं. मुखरूने तुळशीमाळेतली किल्ली काढली. कुलूप उघडलं, झाकण वर केलं. तनसाची काडी शिल्लक नव्हती, उंदरांनी नेलं होतं. लाल फडक्याच्या चार चिंध्या. आणि मधे एक वाळलेला, टकला, खुळखुळा नारळ! झाकणाच्या धक्क्याने तो या टोकाहून त्या टोकाला गेला.

ठक्क!

साऱ्या गावाने ऐकलं. वारलूने आपल्या मांडीकडे पाहिलं. बापूजींनी दोन्ही दांड्यांकडे पाहिलं. बुवांनी नारळ हातात घेतला, कानापाशी नेऊन हलवला, आणि मुखरूकडे पाहत विचारलं, "हाच का रे तुझा क्रॉस?"

मग बुवा जे हसायला लागले! ते ऐसपैस पोट हललं, फेटा हलला, आणि पाठोपाठ सारं कोसमटोलं. मंगरूचे बैलसुद्धा माना हलवत होते.

नारळ मारुतीपुढे फुटला. आत कोरडा गोटा निघाला. आणि दिवस डोक्यावर यायच्या आत कीर्तन उभं राहिलं. असं कीर्तन पुन्हा त्या टोल्यात झालं नाही, हे ज्यांनी ऐकलं ते अजून सांगतात. उकंडबुवांनी निरूपणात मुखरूलाच घेतला!

"बाबांनो, देव डाव्या खणातून हाका मारतो, आणि आपला भक्त रेतीत उताणा पडून दांडे काढतो!" लोक लोळायला लागले. झांजवाल्यांच्या रांगेत मुखरूचे कान, तेच ते प्रसिद्ध कान, मिरचीसारखे लाल. मग बुवांनी आवाज खाली आणला. "पण हसू नका रे फार. सगळ्या गाडीवर त्याने संशय घेतला. ज्या खणाला रोज हात जोडतो, त्याच्यावर घ्यायचं त्याच्या मनातच आलं नाही. एवढं भोळं मन मला मिळालं असतं, तर कीर्तन करत गावोगाव कशाला फिरलो असतो?" आणि बुवांनी अशी तान घेतली, की मुखरूच्या डोळ्यांतून नेहमीचा नाला वाहायला लागला. हंडी फुटली. सारं गाव दह्याने माखलं.

पुढे चांद्याहून सुया आल्या, दांडे बसले, आणि जीप खरोखर मुकी झाली. मुखरू झाडाचं पानही हलू नये तशी ती चालवत पहिल्याच संध्याकाळी घरी आला. पाहतो तर दार ओढलेलं, चूल गार, गोकुळा विहिरीवर!

"भात कुठी हाये?"

"अवो माय! तुमी कवा आले? आवाजच नाई आला!" गोकुळाने घागर खाली ठेवली. "चढावर ठक्क वाजला का मी आधन ठेवो. तुमी हातपाय धुवून बसेपर्यंत भात. आता मले काय सपन पडनार हाये?"

मुखरूने गार चुलीकडे पाहिलं.

सकाळी गाडी काढताना गोकुळाने त्याच्या हातात एक नारळ ठेवला. "पुढच्या चैतातबी बुवानं यावं म्हना. नवस बोला."

"बोलतो न."

"अन् आयका," ती आत वळता वळता म्हणाली, "औंदा त्याच्याखाली तनस नोका टाकू."

त्या आठवड्यात चांद्याच्या मिस्त्रीने रस्त्यातच जीप अडवली. "मुखरू, क्रॉस गेला बे तुहा! कसा ठक्क वाजून राह्यला! आन गाडी माह्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर, पाह्यतो."

"राहू दे मिस्त्री," मुखरू म्हणाला. "त्या आवाजावर माह्या घरी भात शिजते." आणि क्लच सोडून निघून गेला. ठक्क!

मिस्त्री त्या गाडीकडे पाहतच राहिला. आणि तेव्हापासून तो चांद्याच्या साऱ्या बाजारात सांगत सुटला : डिरायव्हर मोठा कानाचा होता, पण बिचाऱ्याचा कानच गेला!